ताई बाहेर उभी होती

भिंतीपलीकडच्या त्या इमारतीबद्दल तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते. एरवी मी हा विषय काढत नाही, ताई घरात असताना तर नाहीच. आत्ता ती बाजारात गेली आहे. यायला थोडा वेळ लागेल.

आम्ही दोघी बहिणी. ताई गाणं शिकवते, मी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. आई-वडील गेले, लग्नं व्हायची राहिली, आणि हे घर उरलं. आमच्या परसाच्या भिंतीमागे रंगाच्या कारखान्याचं आवार होतं, कधीचं बंद पडलेलं. तिथे डेटा सेंटर येणार असल्याची पाटी लागली तेव्हा गल्लीत कुणालाच काही बोध झाला नाही. मग आमच्या गल्लीच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी सगळ्यांना बोलावून समजावलं. आपण मोबाईलवर जे बघतो, साठवतो, ते सगळं कुठल्या तरी यंत्रात असतं. तशी असंख्य यंत्रं एका छताखाली ठेवायची. ती तापतात, म्हणून त्यांना गार ठेवायला पंखे आणि पाणी लागतं. वीज गेली तर डिझेलचे जनरेटर लागतात.

"म्हणजे आपल्या बोअरचं पाणी गेलं," कुणीतरी म्हणालं.

ताईने एवढंच विचारलं, "ती यंत्रं बंद कधी असतात?"

"कधीच नाही."

त्या दिवसापासून ताई हात धुऊन त्या कंपनीच्या मागे लागली. घरोघरी फिरली, सभा घेतल्या. ज्यांनी आयुष्यात कधी कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं त्यांना बोलायला शिकवलं. कंपनीचा एक माणूस गल्लीत यायचा, काहीही म्हटलं तरी हसायचा. आम्ही त्याला हसरे साहेब म्हणायचो. ताई त्याला भर सभेत धारेवर धरायची, तरी तो हसायचाच. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्ही एकदा आमचं चालू सेंटर बघा. आवाज स्वतःच्या कानांनी ऐका. मग बोला."

एवढंच काम होतं. जायचं, आवाज ऐकायचा आणि परत यायचं.

सकाळी बस निघाली. सेक्रेटरी, गल्लीतले काही जण आणि आम्ही दोघी. ताईने वाटेत सगळ्यांना गाणी म्हणायला लावली, अगदी सहलीला निघाल्यासारखी. दुपारी पोहोचलो. उतरल्याबरोबर तो आवाज कानावर आला. फार मोठा म्हणता येणार नाही, पण हटत नव्हता. कुणीतरी ओठ मिटून 'ऊं' धरावा आणि श्वास घ्यायचं विसरून जावं, तसा. काही वेळाने तो कानात ऐकू येईनासा झाला आणि दाढांत जाणवायला लागला.

रस्त्यापलीकडे घरं होती. एक बाई अंगणात कपडे वाळत घालत होती. ताई तिच्याजवळ गेली. आवाजावर आवाज चढवून तिने विचारलं, "याचा त्रास होत नाही का हो तुम्हाला?"

त्या बाईने चिमटा लावला, वळली आणि अगदी हळू म्हणाली, "कशाचा?"

ताई परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "धाकटे, ती बाई बोलताना थांबतच नव्हती गं," ती म्हणाली. मला कळलं नाही. बाई तर एकच शब्द बोलली होती. "शब्द संपला, पण सूर संपला नाही. तोंड मिटलं तरी."

मी म्हटलं, ऊन चढलंय तुझ्या डोक्यात, पाणी पी.

आत जायला एकामागे एक दोन दारं होती. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, असं दारावरच्या रक्षकाने सांगितलं. वयस्क माणूस, पायांत जड बूट, आमच्या चपलांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या वाटत होता. गेटवर सगळ्यांचे फोन नंबर त्यानेच घेतले होते. मधल्या जागेत आम्ही सगळे कोंबल्यासारखे उभे राहिलो. मागचं दार लागलं, पुढचं उघडायला क्षणभर उशीर झाला.

आत खिडकी नव्हती. माणसाच्या उंचीपेक्षा मोठी काळी कपाटं, जाळीच्या दारांची, ओळीने लावलेली. त्यांच्या मधून अरुंद बोळ. गार वारा खालून वर येत होता, आणि त्याला तापलेल्या प्लास्टिकचा वास. आम्ही चाललो तसे डोक्यावरचे दिवे लागत गेले, मागचे विझत गेले.

"माणूस असेल तिथेच उजेड," हसरे साहेब म्हणाले. "वीज वाया घालवत नाही आम्ही."

ताई एका कपाटापाशी थांबली. जाळीला कान लावून उभी राहिली. मी तिचा हात ओढला.

"कुणीतरी गातंय," ती म्हणाली.

"पंखे आहेत ते."

"पंख्यांच्या खाली. खूप जणी आहेत… थांब जरा."

बाकीचे पुढे निघून गेले होते. मी त्यांना थांबवायला कोपऱ्यापर्यंत गेले, सेक्रेटरींना हाक मारली. वाऱ्यात ती कुणाला ऐकू गेली नाही. वळून बघते तर मागचा बोळ अंधारा. तिथे ताई असती तर दिवा असता, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. मी धावत परत गेले. माझ्याबरोबर दिवे आले, ताई दिसली नाही. शेजारच्या बोळात बघितलं, त्याच्या पलीकडे बघितलं. बाकीचेही दिसेनात. वाटलं, दुसऱ्या बाजूने त्यांना गाठून बाहेर गेली असेल. म्हणून दाराकडे आले. दार लागलेलं.

त्याला मूठ नव्हती. कार्ड लावायची एक काळी पट्टी होती, तिच्यावर लाल ठिपका. मी दार वाजवलं. दाराला काहीतरी मऊ लावलेलं होतं, हाताचा आवाजसुद्धा येईना. ओरडले. घसा ताणला जात होता, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. फोन बाहेर जमा केलेला. दाराला पाठ लावून, श्वास आवरत उभी राहिले, आणि डोक्यावरचा दिवा विझला.

हात हलवला की दिवा लागायचा. थांबला की विझायचा. मी वेड्यासारखी हात हलवत राहिले. खांदे भरून आले. शेवटी हात खाली पडला आणि अंधार झाला. त्या अंधारात, पार त्या टोकाला, एक दिवा लागला.

"ताई?"

दुसरा लागला. मग त्याच्या अलीकडचा. कुणीतरी सावकाश चालत येत होतं, ताई चालते तसंच, गुडघा सांभाळून. शेजारच्या बोळात उजेड शिरला. जाळ्यांमधून तो माझ्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी पडला. मी जाळीला डोळा लावून पाहिलं. पलीकडे उजेड पुढे सरकत होता, आणि त्या उजेडात कुणीच नव्हतं.

दिवे बोळाच्या तोंडाशी आले, आणि माझ्या बोळात वळले.

मला हलता येईना. मागे दार, दोन्ही बाजूंना कपाटं. एकेक दिवा लागत जवळ आला आणि शेवटचा माझ्या डोक्यावर लागला. मी तर हललेच नव्हते. त्या गार वाऱ्यात माझ्या चेहऱ्यासमोर तेवढी जागा ऊबदार झाली. ज्येष्ठमधाचा वास आला. घशासाठी ताई तो सतत चघळत असते…

आणि पंखे थांबले. सगळे, एकदम. तेवढ्या शांततेत माझ्या कानाशी ताईचा आवाज आला. दमलेला, हळू.

"धाकटे, आता दार उघडेल. तू जा. मागे बघू नकोस."

पंखे पुन्हा सुरू झाले. मागचं दार उघडलं आणि मी पाठमोरी बाहेर पडले, ती थेट रक्षकाच्या अंगावर. त्याच्यामागे हसरे साहेब होते. त्यांच्या शेजारी, हातात पाण्याची बाटली घेऊन, ताई उभी होती.

"होतीस कुठे?" ती म्हणाली. "आम्ही कधीचे बाहेर आलोय."

मी तिच्या दंडाला धरलं. दंड तिचाच, साडी तीच, कपाळावरचा लहानपणचा व्रणही होता. हसरे साहेब पहिल्यांदाच हसत नव्हते. रक्षक माझ्या खांद्यावरून आतल्या दिव्यांकडे बघत होता. त्याने घाईने दार लावून घेतलं.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. सेक्रेटरींनी गाणं म्हणायचा आग्रह केला. ती नको म्हणाली.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. कंपनीला परवानगी द्यायची की नाही याच्या सुनावणीला सगळी गल्ली ताईच्या भरवशावर आली होती. ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "मी बघून आले. काळजी करण्यासारखं काही नाही." मग बसली. तिने बोलायला शिकवलेल्या माणसांपैकी एकानेही त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

इमारत उभी राहिली. आवाज तुम्ही ऐकताच आहात. हे घर घ्यायला कुणी येत नाही. आलं तर परसात जेमतेम उभं राहतं आणि चहा न घेता जातं. मी भाड्याने कुठेतरी दूर जाऊ म्हटलं, तर ताई ऐकत नाही. एकटी गेले असते. पण बहिणीला मागे टाकून कसं जायचं, आणि टाकायचं ते कोणत्या बहिणीला, इथे माझं डोकं चालेनासं होतं.

मग मागच्या आठवड्यात दवाखान्यातून येऊन मी दारात चपला काढत होते, तेव्हा फोन आला. त्या रक्षकाचा.

"बाई, मी नोकरी सोडतोय," तो म्हणाला. "म्हणून आता सांगायला हरकत नाही. तिथे मोकळ्या बोळांत दिवे लागतात. आम्हाला सवय होती. पण तुम्ही येऊन गेल्यापासून दारापाशी लागतात, आणि लागूनच राहतात. मी एकदा आत उभा राहून ऐकलं. बाईमाणूस आहे. तिने तुम्हाला निरोप दिलाय."

"काय?"

"घरातल्या बाईला कळू देऊ नकोस, की मी अजून…"

"कुणाचा फोन?" ताईने आतून विचारलं.

मी फोन ठेवला. "राँग नंबर," म्हटलं.

ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या कपाळावरचे केस तिने मायेने मागे सारले.

"पुन्हा आला तर त्याला सांग," ती म्हणाली, "आता दिवे लागणार नाहीत."

मी त्याच रात्री तो नंबर लावून पाहिला, दुसऱ्या दिवशीही लावला. फोन उचलला जातो. पलीकडे कुणी बोलत नाही, फक्त चालल्याचा आवाज येतो. सावकाश… गुडघा सांभाळून… आणि आता त्याच्यामागून आणखी एकाचा. जड बुटांचा.