रांजणातला अंगठा

संग्रहालयाच्या तळघरात लोक दोनच कारणांनी उतरत. एक तर ते तिथे कामाला असत, नाहीतर स्वच्छतागृह शोधत असत. तो दुसऱ्या कारणाने आला.

“माफ करा… स्वच्छतागृह कुठे आहे?”

“वर. बाणाच्या उलट आलात तुम्ही,” ती मान न वळवता म्हणाली.

तिच्या दोन्ही हातांत मातीच्या भांड्याचा एकेक तुकडा होता. मधला जोड पक्का होईपर्यंत तिला हलायची सोय नव्हती. फुटकी भांडी जोडणं हेच तिचं काम. चार वर्षं ती या तळघरात हेच करत आली होती, म्हणून सगळं संग्रहालय तिला डिंकी म्हणायचं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

तो गेला नाही. दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. “तुमचं नाक खाजतंय का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मघापासून तुमचं तोंड वेडंवाकडं होतंय. मी धरू का ते? क्षणभर.”

डिंकीने परक्या माणसाच्या हाती कधी सुईएवढी खापरी दिली नव्हती. पण नाकाची खाज पदवी-बिदवी बघत नाही. त्याने तिच्या बोटांवर बोटं ठेवली, तिने आपली हळूच काढून घेतली, आणि मग आयुष्यात कधी खाजवलं नव्हतं इतक्या समाधानाने नाक खाजवलं.

“झालं?” त्याने विचारलं.

“माझं झालं. तुमचं नाही. आता हात बदलला तर जोड सरकेल. दहा मिनिटं असंच धरावं लागेल.”

“दहा मिनिटं? अहो, पण मी स्वच्छतागृह…”

“तेवढं आठवू नका. काहीतरी बोला.”

मग तो बोलला. रोमन लोकांची कौलं उन्हात वाळत पडलेली असताना त्यांवरून कुत्री चालत गेली, आणि दोन हजार वर्षांनंतरही ती पावलं तशीच आहेत, हे त्याने सांगितलं. पावणेचार हजार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने खराब तांबं गळ्यात मारल्याबद्दल व्यापाऱ्याला मातीच्या पाटीवर पत्र खरडलं होतं, तेही सांगितलं. “साम्राज्यं गेली, राजे गेले, आणि टिकलं काय? तक्रार,” तो म्हणाला.

डिंकी हसली. मग एकदम थांबली. ही कुत्र्याची पावलं तिने आधी ऐकली होती… मावशीच्या तोंडून, रविवारी सकाळी.

“तुम्ही ते वर्तमानपत्रातलं ‘गतकाळाच्या गमती’ लिहिता?”

“तुम्ही वाचता?” त्याचा चेहरा असा उजळला, की हातातली खापरी सरकता सरकता राहिली.

“मावशी वाचते. मोठ्याने. मला ऐकावंच लागतं.”

आई-वडील दूरच्या गावी, म्हणून डिंकी नोकरीसाठी मावशीकडे राहत होती. मावशीच्या लेखी रविवारचं वर्तमानपत्र म्हणजे हे एक सदर, बाकी सगळी रद्दी. लिहिणाऱ्याला ती घरच्यासारखं “आपला सदरवाला” म्हणायची. आता तो आपला सदरवाला समोर उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. दहा मिनिटं झाली तेव्हा त्याने खापरी तिच्या हवाली केली आणि जिन्यावरून पळाला तो पळालाच.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. या वेळी त्याने कुठला बाण विचारला नाही.

तो येतच राहिला. वाळू भरलेल्या परातीत जोडलेली भांडी आडवीतिडवी खोचून सुकायला ठेवलेली असत, त्यांच्याशेजारच्या स्टुलावर त्याची जागा ठरून गेली. कधी तो माहिती विचारायचा, कधी विचारायचं विसरून जायचा. डिंकीने त्याला कामाचा पहिला नियम शिकवला: हरवलेल्या तुकड्याच्या जागी प्लास्टर भरतात, ती जागा सहा फुटांवरून कळता कामा नये, पण सहा इंचांवरून कळलीच पाहिजे.

“का? कळलीच नाही तर जास्त सुंदर नाही का?”

“ते खोटं होईल. बघणाऱ्याला समजायला हवं, की हे जुन्या माणसाचं आणि हे आमचं.”

“आणि माणसांना हा नियम लावायचा झाला तर?” त्याने विचारलं. “म्हणजे… मी सहा फुटांवरून बरा दिसतो का?”

“तिथून बरे दिसता.”

“आणि सहा इंचांवरून?”

“अजून तपासलेलं नाही,” डिंकी म्हणाली आणि ब्रश धुवायला गेली. ब्रश स्वच्छच होता.

चौथ्या की पाचव्या भेटीत घोटाळा झाला. कोपऱ्यात चार हजार वर्षांचा एक मोठा रांजण होता, डिंकीने नोकरीच्या पहिल्याच महिन्यात जोडलेला. सदरवाला टॉर्च लावून रांजणाच्या गळ्यात डोकावला आणि ओरडायच्या बेतात येऊन कुजबुजला, “इथे अंगठा उठलाय कुणाचातरी. बघा ना.”

तीही वाकली. खरंच होता. गळ्याच्या आतल्या बाजूला, स्पष्ट उमटलेला, रेघा न् रेघा दिसणारा.

“घडवणाऱ्याचा असेल?”

“असणार.”

“लहान आहे. बाईचा असेल?”

“असेल की,” डिंकी म्हणाली.

एरवी ती नोंदीचं कार्ड काढल्याशिवाय कुणाला भांड्याची उंचीसुद्धा सांगत नसे. पण त्या वेळी दोघांची डोकी एकाच रांजणात होती, त्याच्या सदऱ्याला साबणाचा वास येत होता आणि अंतर सहा इंचांहून कमी होतं. अशा वेळी कार्ड आठवतं ते फक्त तळघराच्या प्रमुखांना, ज्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. त्या रजेवर होत्या.

पुढच्या रविवारी मावशीने चष्मा लावला, चहाचा घोट घेतला आणि वाचायला सुरुवात केली.

“‘ती कोण होती, मला माहीत नाही. चार हजार वर्षांपूर्वी तिने रांजणाच्या गळ्यात अंगठा दाबला आणि ती निघून गेली. अंगठ्यावर एक तिरकी रेघ आहे, टोकाशी फाटे फुटलेली. कधीतरी कापलं असणार. खूप दुखलं असेल का? कुणी फुंकर घातली असेल का? मी तिला विचारू शकत नाही, याचं मला वाईट वाटतं.’” मावशीने चष्मा काढून डोळे पुसले. “काय लिहितो गं हा मुलगा.”

डिंकीच्या हातात कप होता. कपाच्या कानाशी तिचा उजवा अंगठा होता. अंगठ्यावर तिरकी रेघ होती, टोकाशी फाटे फुटलेली. नवव्या वर्षी, सुट्टीत मावशीकडे आलेली असताना, डब्याचं झाकण उघडताना कापलं होतं. फुंकर मावशीनेच घातली होती.

तिने कप खाली ठेवला आणि अंगठा मुठीत लपवला.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी तळघरात पोचली. कोट न काढताच तिने रांजणात हात घातला आणि अंगठा त्या खळग्यावर टेकवला. अंगठा नेमका बसला. मग कार्ड काढलं. तिने प्लास्टरने भरलेल्या अकरा जागा त्यावर पेन्सिलीने रेघारेघांनी दाखवल्या होत्या. ही बारावी राहून गेली होती. नवी नोकरी, नवा उत्साह… तिने प्लास्टरचा रंग इतका जमवून आणला होता, की सहा इंचांवरून तिलाच चकवा बसला. आतून कोण बघतंय म्हणून अंगठ्याने दाबून तशीच सोडली होती.

तेवढ्यात बाई रजेवरून परतल्या, आणि आल्या त्या हसत. बाई हसल्या की तळघरात कुणाला बरं वाटत नसे. “डिंकी, तुझ्या रांजणाने नाव काढलं. रांजण बघायचाय म्हणून वरच्या मजल्यावर रांग लागलीय लोकांची. दारावर त्या अंगठ्याचं मोठं पोस्टर लावायचंय. उद्या दुपारी छापायला जाईल.”

“हो, बाई,” डिंकी म्हणाली.

खरं सांगितलं तर नोकरी जाईल, असं तिला वाटत होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. त्याने तिच्या एका शब्दावर विसंबून सगळ्या गावासमोर मन उघडं केलं होतं. आता गाव त्याला हसेल, आणि तो या जिन्यावरून पुन्हा कधी उतरणार नाही. गप्प बसलं तर तो येत राहील. रोज तिच्यासमोर बसून, चार हजार वर्षांपूर्वीच्या बाईबद्दल बोलत.

तो दुपारी आला, लोकांनी कचेरीत आणून टाकलेल्या पत्रांची पिशवी घेऊन. “एका आजोबांनी लिहिलंय, त्यांच्या बायकोच्या अंगठ्यावर अशीच रेघ होती. संपादक म्हणतात, पुढच्या महिन्यापासून पूर्ण पान. तुमच्यामुळे हं हे सगळं.” तो थांबला. “काय झालं? चेहरा का असा?”

डिंकीने ओल्या मातीचा एक गोळा घेतला, थापटून पेढ्याएवढा केला, त्यावर अंगठा दाबला आणि त्याच्या हातावर ठेवला. शेजारी भिंग ठेवलं.

त्याने भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्या हाताकडे.

“तुम्ही विचारलंत तेव्हा मी कार्ड बघायला हवं होतं,” ती म्हणाली. “ती भर माझी आहे. चार वर्षांपूर्वीची. मी मुद्दाम नाही… पण माझ्यामुळे झालं. तुम्ही इतक्या जवळ होता, की मला कार्ड सुचलंच नाही.”

शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि कान तापले. मातीचा गोळा रुमालात गुंडाळून त्याने खिशात ठेवला, पत्रांची पिशवी तिथेच विसरला आणि निघून गेला.

डिंकी तशीच बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या घडाघडा सगळं सांगून मोकळी झाली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “रजिस्टर आण. कार्डही.”

तिने आणलं. “लाल शाईने लिही. बारावी भर, जागा, तारीख. खाली सही.” डिंकी लिहीत असताना बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “पहिल्या वर्षी मी एका सुरईला दुसऱ्याच भांड्याचा कान जोडला होता. दोन वर्षं लोक बघून वाहवा करत होते. माझ्या तेव्हाच्या बाईंनी मला लाल शाईची बाटलीच भेट दिली. हीच ती.”

“म्हणजे… नोकरी?”

“उद्यापासून ती भर खरवडून नियमाप्रमाणे परत भर. नोकरी गेली तर हे कोण करेल? मी पोस्टरवाल्याला फोन करते.”

डिंकीचा जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला, शनिवारही गेला. स्टूल रिकामंच राहिलं. जिन्यावर पावलं वाजली की ती ताठ बसायची, आणि दर वेळी कुणीतरी बाणाच्या उलट आलेलं असायचं.

रविवारी तिने मावशीला सांगून पाहिलं, “आज नको वाचूस.” पण मावशी कसली ऐकते.

“‘दुरुस्ती,’” मावशीने वाचलं. “अगं बाई, दुरुस्ती कसली? ‘गेल्या रविवारी मी लिहिलं, की अंगठ्याची मालकीण चार हजार वर्षांपूर्वी होऊन गेली. ते चूक आहे. ती हयात आहे. रांजण जुनाच आहे, अंगठा मात्र तो जोडणारीचा. हे तिने स्वतः होऊन मला सांगितलं. गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. चूक माझी. मी एकाच व्यक्तीला विचारलं आणि आणखी कुणाला विचारलं नाही, कारण मला आणखी कुणाशी बोलायचं नव्हतं. मागच्या वेळी मी लिहिलं होतं, की मला तिला विचारता येत नाही याचं वाईट वाटतं. आता येतं. हिंमत गोळा करायला मला आठवडा लागला. उद्या जाऊन विचारणार आहे.’”

मावशीने वर्तमानपत्र खाली केलं. आधी डिंकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कपाच्या कानाशी असलेल्या अंगठ्याकडे.

“फुंकर मी घातली होती, हे सांग हो त्याला,” ती म्हणाली.

डिंकीला हसू येत होतं आणि रडूही. आठवडाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं, आणि त्या दिवशी तिने चार कप चहा प्यायला.

सोमवारी जिन्यावर पावलं वाजली. तो दारात उभा राहिला. “माफ करा… स्वच्छतागृह कुठे आहे?”

“वर,” डिंकी म्हणाली. “संपादक काय म्हणाले?”

“आधी ओरडले. मग पत्रं आली, पहिल्यापेक्षा जास्त. लोक विचारतायत, तिने काय उत्तर दिलं.” तो आत आला आणि खिशातून रुमाल काढून तिच्यासमोर उलगडला. मातीचा तो पेढा वाळून मधोमध दुभंगला होता. अर्धा अंगठा इकडे, अर्धा तिकडे. “टेबलावर ठेवला होता. रोज बघायचो. काल तडकला. जोडून मिळेल का?”

तिने दोन्ही तुकडे उचलले, कडा जुळवून पाहिल्या. “मिळेल. पण जोड दिसेल.”

“दिसू दे.” त्याचा आवाज खाली आला. “खूप दुखलं होतं का? कापलं तेव्हा?”

“खूप. मावशीने फुंकर घातली, तेव्हा थांबलं.” डिंकीने कडांना डिंक लावला, तुकडे एकमेकांवर टेकवले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. “मला तू आवडतोस. सहा इंचांवरूनही. आता ये इकडे आणि हे धर. माझं नाक खाजतंय.”

तो आला. त्याने तिच्या बोटांवर बोटं ठेवली. या वेळी तिने आपली काढून घेतली नाहीत, आणि नाक तसंच राहिलं.

“किती वेळ?” त्याने विचारलं.

“दहा मिनिटं,” ती म्हणाली. “पण घाई नाही.”