तुळजाबाईंचे पाय

“आजपास्नं माझ्या पायाला हात लावायचा न्हाई! लोकांचं पाय चेपून पैसं घेनारी सून मला नगं!”

तुळजाबाईंनी पाय आखडून घेतले आणि तेलाची वाटी अपेक्षाच्या हातातच राहिली. लग्न होऊन रिहे गावात आल्यापासून रोज संध्याकाळी ती सासूचे पाय चेपत आली होती, तेव्हा ते संस्कार होते... आणि आता भुकूमच्या संस्थेत पादचिकित्सा रीतसर शिकून, प्रमाणपत्र मिळवून तेच हात बाहेर चालवायचे म्हटले, की घराण्याची अब्रू गेली! वा रे अब्रू! त्या दिवशी अपेक्षाचं मन विटलं. तिने क्लास सोडला नाही, आणि सासूच्या पायांकडे पुन्हा पाहिलंही नाही.

परीक्षेला आपलं माणूस आपणच न्यायचं आणि त्याच्या पायांवर उपचार करून दाखवायचा, असा नियम होता. शेजारची गौतमी येणार होती, पण ऐन सकाळी तिने निरोप धाडला, “तुज्या सासूचा रोष कोन घेनार? मी न्हाई येत.” अपेक्षा उंबऱ्यातच मटकन बसली आणि हमसून हमसून रडू लागली. एवढी अवहेलना सोसली... सारी फुकट!

तोच डोक्यावर पदर घेऊन तुळजाबाई समोर उभ्या राहिल्या. “ऊठ. माझं पाय हायेत की. लई बोलले मी तुला, पोटात घाल.”

भुकूमला परीक्षकबाईंसमोर अपेक्षाने ठरलेला प्रश्न विचारला, “साखर, जखम, बधिरपणा... काय त्रास?”

“कायबी न्हाई!” तुळजाबाई ठणकावून म्हणाल्या.

अपेक्षाने सासूचा उजवा पाय उचलला. टाचेखाली काळी पडलेली, चिघळलेली जखम!

“आत्याबाई! ह्ये कदीपास्नं?”

“दुकत न्हाई गं. पाय बदिर झालाय. तू चेप, तुजी परीक्षा व्हऊ दे!”

“आवं, पर कुनाला दावलं का न्हाई?”

“कुनाला दावनार हुते?” तुळजाबाई म्हणाल्या. “माझं पाय बघनारी घरात एकच हुती... अन् तिला मीच हाकललं!”

अशा पायावर हात चालवायचा नसतो, हे शिकूनच अपेक्षा तिथवर आली होती. तिने हात काढून घेतले. “मी थांबते, बाई.”

“बरोबर केलंस,” परीक्षकबाई म्हणाल्या. “पण उपचार पाहिल्याशिवाय मला पास करता येणार नाही.”

तिने सासूला तसंच दवाखान्यात नेलं, पण उशीर झालाच होता. डॉक्टरांना पाय गुडघ्याखालून काढावा लागला. दोघींच्या अहंकाराची किंमत एका पायाने मोजली, आणि त्या किमतीची दोघींत वाटणी कशी करायची, हे अपेक्षाला कधीच उमगलं नाही.

पुढच्या परीक्षेला तुळजाबाई पुन्हा आल्या, कुबड्या घेऊन, साखर आटोक्यात असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. “बाई, एका पायावर हुईल का हिची परीक्षा?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली. अपेक्षाने तो पाय मांडीवर घेतला, बोटं, तळवा, टाच, सारं जिवापाड सांभाळत चेपलं, आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा हात दुसऱ्या पायाकडे वळला... लुगड्याच्या रिकाम्या घोळावर पडला.

तुळजाबाईंनी तो हात गच्च धरला. बाईंनी कागदावर ‘उत्तीर्ण’ लिहिलं, पण ते वाचायला दोघींपैकी कुणीच मान वर केली नाही.