मागची डावी सीट

उद्या पहाटे निघताय ना सगळे डोंगरावर? दोन गाड्या करून? मग बसा जरा. ती ट्यूब बंद करा, पलीकडचा दिवा पुरे. आणि मधेच कोणी फिदीफिदी हसलं तर मी उठून झोपायला जाईन, आधीच सांगतो. ही माझ्या गिऱ्हाइकाची गोष्ट आहे. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं मी, गाडीचे आवाज मला कोणी शिकवू नयेत. यातला एक आवाज मी स्वतः ऐकलाय. आणि एक यायला हवा होता, तो आला नाही.

माणूस चष्मेवाला. बाजारात स्वतःचं दुकान, डोळे तपासायचं मशीन, भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. त्याच्या थोरल्या भावाकडे सगळे जेवायला जमले होते. माणसं बारा आणि खुर्च्या आठ. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमच्या दुकानातल्या त्या चार घडीच्या खुर्च्या आणता का? गेलात तसे या, जेवण निवतंय." घड्याळात नऊ चाळीस झाले होते. यानं चावी उचलली आणि निघाला. सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. काम काहीच नाही.

गाडी चालू केली, तशी ती टुंग टुंग करायला लागली. मागच्या डाव्या सीटचा लाल दिवा. तुम्हाला ठाऊक आहे, सीटवर माणूस असला आणि पट्टा लावला नसला की गाडी बोंबलते. मागे तर कोणीच नव्हतं. चष्मेवाला मुकाट्यानं उतरला, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटला पट्टा लावला. आवाज थांबला. अकरा महिने तो हेच करत होता. का, ते ऐका.

बरोब्बर एक वर्षापूर्वी घरची आठ माणसं दोन दिवस डोंगरावर गेली होती. एका गाडीत दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. दुसरीत चष्मेवाला, त्याची बायको, मुलगी आणि आत्या. आत्या म्हणजे बापाची बहीण. लग्न केलं नाही, या दोघा भावांना तिनंच वाढवलं. तोंडाची फटकळ, पण जीव लावणारी. तिची एक खोड होती. कुठूनही निघायचं झालं की सगळ्यांना मोजायची. प्रत्येकाच्या डोक्यात एक टपली आणि एक आकडा. शेवटी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून म्हणायची, "आणि ही मी. झाले सगळे. चला." दादाचे केस पिकले तरी टपली चुकली नाही.

तर त्या दिवशी वर, चहाच्या टपरीवर, गप्पा रंगल्या. आत्या बोलता बोलता बोलून गेली, "हा आमचा धाकटा बारावीला दोनदा आपटला! सरांच्या पाया पडायला मी गेले होते." सगळे पोट धरून हसले. बायको हसली नाही. तिला लग्नाआधी यानं फर्स्ट क्लास सांगितला होता. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. चष्मेवाल्याच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या.

पाच वाजता थंडी वाढली तसे उठले. दादाची गाडी आधी गेली, पोरांना वाटेतलं तळं दाखवायचं होतं. आत्याची शाल टपरीमागच्या बाकावर राहिली, ती आणायला ती गेली. इकडे मुलगी मागच्या सीटवर झोपलेली. बायको पुढे बसली आणि म्हणाली, "आत्या?"

"दादाच्या गाडीत गेली," हा म्हणाला. "सकाळीच म्हणत होती ना, उतरताना पोरांबरोबर बसते म्हणून."

म्हणाली होती, हे खरं. पण तिथं नव्हती, हेही याला ठाऊक होतं. गाडी वळणाशी आली आणि आरशात दिसली ती. अंगावर शाल, एक हात वर. थांब रे, म्हणून. यानं गाडी थांबवली नाही. अर्धा तास बसू दे एकटी, जिरेल जरा, असं मनात म्हणाला आणि वळण घेतलं. दुसऱ्यांचे डोळे तपासणारा माणूस हा, आणि पुढे सगळ्यांना सांगितलं की मला दिसलंच नाही.

खाली मुक्कामाच्या बंगल्यावर पोचला. आता सांगतो, मग सांगतो, असं करत तासभर गेला. सांगायचं तर बायकोसमोर पुन्हा खोटा पडणार. दादा आला आणि त्याच्या गाडीतून चारच माणसं उतरली, तेव्हा याचं तोंड उघडलं. "अरे, मला वाटलं ती तुमच्याकडे!" तोवर डोंगरावर धुकं उतरलं होतं. वर जायच्या रस्त्याचं नाक्यावरचं फाटक बंद. वर फोन लागेना. टपरीवाला तर कधीच घरी गेलेला. दादा फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या हातापाया पडला. पण एक गाडी आधीच दरीत गेली होती त्या संध्याकाळी, तो कोणाला सोडेना.

सकाळी सापडली. बाकावर बसलेली, तोंड रस्त्याकडे. उजवा हात वर, टपरीच्या खांबाला टेकलेला. थंडीनं गेली, असं डॉक्टर म्हणाले. लोक म्हणाले, दोन गाड्यांचा घोळ, दुसरं काय. मोजणारीच मोजायची राहिली.

महिन्यानं सगळे दादाकडे जमले. दादा भरल्या घरात म्हणाला, "मी मारलं तिला. माझ्या गाडीत बसणार होती ती. मी मागे वळून बघितलं नाही." लहान मुलासारखा रडला. त्यानं गाडी विकली, पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, जेवण तुटलं, अंगाचे कपडे लोंबायला लागले. चष्मेवाला शेजारी बसून जेवत होता. एका वाक्याचं काम होतं. बोलला नाही. आणि त्याच संध्याकाळी घरी परतताना गाडी पहिल्यांदा टुंग टुंग करायला लागली.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. मी सीट उचलली, वायर तपासली, सेन्सर नवा टाकला. दोष काही नाही आणि आवाज थांबत नाही. शेवटी वैतागून मी म्हणालो, "पट्टा लावून टाक रिकाम्या सीटला, गप्प बसेल." बसली गप्प. पण त्या सीटवर त्याची बायको बसेना. गार लागते म्हणे, ओल्या बाकावर बसल्यासारखी. आणि यानं आतला आरसा वर छताकडे वळवून ठेवला होता. मी सरळ केला, तर माझ्या अंगावर खेकसला. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता कळतं, का ते.

वर्षभर घरातली सगळी माणसं सारखी जमत होती. वाढदिवस, कोणाचा निकाल, काही ना काही. दादाला एकटं सोडायचं नाही म्हणून. दर वेळी दादा तेच म्हणायचा आणि दर वेळी हा मान खाली घालून जेवायचा.

आता या त्या रात्रीवर.

दुकानाशी पोचला तेव्हा दहाला पाच कमी. बाजार बंद. शटर वर केलं, चार खुर्च्या काढल्या, गाडीत टाकल्या, दारं लावली. इंजिन बंद, चावी हातात. शटर ओढून घ्यायला पाठमोरा वळला. खाली वाकून कुलूप लावतोय…

मागे पट्टा सुटल्याचा आवाज आला. खट्.

मग दार.

याची बोटं कुलपावरच राहिली. मागे बघायची छाती होईना. गाडीच्या आत कोणीतरी सीटच्या डोक्याशी टपली मारत होतं. सावकाश.

"एक…"

दादा.

"दोन…"

वहिनी.

तीन. चार. ती पोरं. पाच, बायको. सहा, मुलगी.

मग काही नाही…

गार वारा मानेवर आला. अगदी जवळ. कोणीतरी पाठीशी उभं होतं. याची मान आपोआप खाली गेली, लहानपणापासूनची सवय. सातवा तो. त्याचा नंबर. डोळे मिटून टपलीची वाट बघत उभा राहिला. मनात म्हणाला, मार आत्या. मार एकदा. मी सांगतो सगळं.

टपली आली नाही.

"सात," आवाज त्याच्या डोक्यावरून पुढे गेला. "ही मी. झाले सगळे. चला."

इंजिन चालू झालं. चावी याच्या मुठीत. वळून बघतो तो गाडी निघालीसुद्धा. मागचे लाल दिवे लांब… लांब… वळणाशी. हा धावला. थांबला. आणि त्यानं एक हात वर केला.

काय म्हणालीस गं? गाडी कोणी चालवली? मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का? गप बस.

सहा किलोमीटर पायी आला. तीन रिक्षांना हात केला, रिकाम्या होत्या, एकही थांबली नाही. पोचला तेव्हा घर अंधारात. गाडी फाटकात, नीट लावलेली. चार खुर्च्या आत गेलेल्या. जेवणं होऊन सगळे झोपलेले. तास दीड तास दार वाजवत होता, मग बाहेर पायरीवरच बसला. सकाळी वहिनीनं दार उघडलं आणि त्याच्या अंगावर पाय पडेल अशी ओलांडून दूध घ्यायला गेली. खुर्च्या गाडीतून तिनंच काढल्या होत्या. बायकोला वाटलं, हा गच्चीवर असेल. दादाला वाटलं, घरी गेला. त्यांच्या वाटण्यात काही वाईट नव्हतं हो. कोणाच्या लक्षातच आला नाही.

तिथून सुरू झालं. घरात ताटं एक कमी. लिफ्टचं दार तोंडावर बंद. गिऱ्हाईक दुकानात यायचं, समोर हा उभा, आणि "कोणी नाही वाटतं" म्हणून परत जायचं. दादाच्या पोरीच्या वाढदिवसाला तो भरल्या खोलीत उभा राहिला आणि ओरडला, "मी बघितलं होतं तिला आरशात! मी थांबलो नाही!" बायकोनं त्याच्या खांद्यावरून हात घालून पाण्याचा जग घेतला. कोणीतरी विनोद केला. सगळे हसले. ज्या वर्षात ऐकणारे होते, त्या वर्षात हा गप्प बसला होता.

मग तो माझ्याकडे आला. मी एका ट्रकखाली आडवा पडलो होतो. मला नुसते बूट दिसले. कधीपासून उभा आहेस विचारलं तर म्हणाला, दोन तास. मी त्याला ऐकलं कसं, ते मला सांगता येणार नाही. सगळं रडत सांगितलं त्यानं. मी आधी त्याला चार शिव्या हासडल्या. मग हाताला धरून माझ्या जीपमधून दादाकडे नेला आणि दादाला सगळं सांगितलं.

दादा सोफ्यावर बसला. मग ढसाढसा रडला. वर्षाचं ओझं उतरलं होतं. मग उठला, मुठी आवळून. "कुठं आहे तो हरामखोर? आणा त्याला माझ्यासमोर."

मी म्हणालो, "तुमच्या शेजारीच बसलाय."

दादानं सोफ्यावर बघितलं. नीट बघितलं. चष्मेवाल्यानं त्याचा हात धरला होता. "दादा," तो म्हणाला. "मार मला. पण बघ माझ्याकडे."

दादा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "कोण?"

परत गॅरेजवर आलो. गाडी त्यानं आधीच तिथं आणून लावली होती. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, मी चावी फिरवली. मागच्या डाव्या सीटचा दिवा लागला, टुंग टुंग सुरू. माझ्या कानांनी ऐकलं. मागे कोणी नाही. मी पट्टा लावला, थांबलं. पण याच्या अंगाला पट्टा नव्हता. ड्रायव्हरचा दिवा लागायला हवा. नाही लागला. मी त्याला उतरवलं, स्वतः बसलो. लगेच बोंबलली. तो बसला… शांत. मी… वाजली. तो… शांत. तीनदा केलं. चौथ्यांदा त्यानं सीटवर मुठी आपटल्या. "वाज ना गं," म्हणाला. "वाज ना…"

मी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेलो. आलो तर सीट रिकामी.

त्याला चार महिने झाले. गाडी न्यायला कोणी आलं नाही, चावी माझ्याकडे आहे. दादा आता बरा आहे, जेवतो, हसतो. उद्या तुम्ही मोजून निघा, मोजून परत या. बाकी मला काही सांगायचं नाही.

रोज रात्री गॅरेजला कुलूप घालण्याआधी मी त्या गाडीचं दार उघडतो आणि ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवून बघतो. आजही ठेवला. गरम असते. आत्ताच कोणी उठल्यासारखी नाही, कोणी बसलेलं असल्यासारखी. मी हाक मारतो. उत्तर येत असेलही. मला ऐकू येत नाही.