मावशीच्या आवाजातला तास

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. भर दुपारी, तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात.

मावशी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. कंत्राटी. वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा विभागप्रमुख बाई तिला म्हणाल्या, "अगं, सगळा अभ्यासक्रम एकदा रेकॉर्ड करून दे ना. आजारी मुलांची सोय होईल."

ही बाई म्हणजे तिची जुनी मैत्रीण. दोघी वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेल्या. मावशीने घसा बसेपर्यंत रेकॉर्डिंग केलं.

सवयीची गुलाम! रिकाम्या खोलीतही प्रश्न विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची. ती शांतताही तशीच रेकॉर्ड झाली.

सुट्टीनंतर तिचं कंत्राट वाढवलंच नाही.

तास मात्र सुरू राहिले... तिच्याच रेकॉर्डिंगवर.

मैत्रिणीने केसाने गळा कापला होता. "वरून आदेश होता गं," एवढंच फोनवर म्हणाली. मग फोन उचलणंच बंद केलं.

मावशीची लेक त्याच कॉलेजात, नेमकी त्याच वर्गात. एक दिवस ती चाचरत म्हणाली, "आई, तू अजून शिकवतेस का गं तिथे? आम्हाला न सांगता?"

"वेड लागलंय का तुला?"

"मग मुलांनी उत्तर दिलं की तू 'शाब्बास' कशी म्हणतेस?"

मावशी हसली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन ओट्यावर टेकवून तिच्याशेजारी बसली.

पडद्यावर मावशीच होती. तोच चष्मा, मागे तोच पांढरा फळा. तिने प्रश्न विचारला. थांबली.

एका पोराने उत्तर दिलं. चुकीचं.

"अरे हिरो, घाई नडली तुला," पडद्यावरची बाई म्हणाली.

मुलं हसली.

मावशीने फोन जवळ ओढला. हा पोरगा यंदाच आलेला. त्याचा आवाजही तिने कधी ऐकला नव्हता...

तिने माइक सुरू केला. "मुलांनो, ऐका! तुमची मॅडम मी आहे. ही... ही मी नाही!"

तास थांबला.

पंख्याची घरघर ऐकू येत होती... मग तीही येईना.

पडद्यावरच्या बाईने मान वळवली. थेट मावशीकडे पाहिलं.

"मध्येच कोण बोलतंय? माइक बंद करा."

माइकची खूण लाल झाली.

मावशी बोलतच राहिली. ओठ हलत होते. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या...

लेक अगदी शेजारी होती. तिला एकही शब्द ऐकू आला नाही.

डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. मावशी आता पाटीवर लिहून बोलते. विभागप्रमुख बाईंनी एकदाच निरोप पाठवला, मुलांचा प्रतिसाद उत्तम आहे म्हणून. भेटायला आल्या नाहीत.

लेकीला तो तास चुकवता येत नाही, हजेरी सक्तीची आहे. कानात इअरफोन घालून ती बसते. परवा मी तिथेच होतो. मावशी ओट्यापाशी कांदा चिरत होती.

अचानक लेकीने मान वर केली. फोनकडे बघून हसली.

"हो, आई," ती म्हणाली.

मावशीची सुरी थांबली.