दाराबाहेरचे बूट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि बघा... रावेतमधली एक सोसायटी, तिसरा मजला, बंद दार. दारासमोर खडूची जाड रेघ. परदेशातून आलेले म्हणून घरात न घेतलेले पांढरे बूट बाहेरच पडलेले. आता त्या रेघेशी मास्क लावलेली एक मुलगी उभी करा. ती तनुजा, दवाखान्यातली नर्स. दापोडीहून स्कूटरवर आलेली.

दार उघडलं. आत सिद्धेश. चाकणच्या कंपनीनं त्याला नव्या मशीनचं काम शिकायला जर्मनीला पाठवलं होतं. परतला तोवर जगभर साथ पसरली होती. विमानतळावरच त्याच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का बसला – अमुक तारखेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. तो शिक्का आणि ताप रोज तपासायचं काम तनुजाचं.

“हात दाखवा.”

“भविष्य बघताय?”

“शिक्का बघतेय. साबणानं घासून पुसणारे पुष्कळ भेटतात. ताप आहे का?”

“तुम्ही आलात की वाढतो.”

“मग उद्या आमच्या भीमराजभाऊंना पाठवते. त्यांच्या मिश्या बघूनच उतरेल!”

तो मोठ्यानं हसला. त्याच्याही मास्कच्या वर दिसत होते ते फक्त डोळे... पण तेवढे पुरले. दुसऱ्या दिवशीही तनुजाच आली. नंतरही.

मग एका सकाळी सोसायटीच्या अध्यक्षांनी, दादासाहेबांनी, तिला जिन्यातच गाठलं.

“म्याडम, त्येचे बूट बघा. बागेतला चिखल हाय, ताजा. काल बी व्हता. गडी गुपचूप खाली फिरतोय. आमी काय आंधळे हाय व्हय?”

तनुजानं वाकून बघितलं. चिखल ओला होता. तिनं बेल दाबली. सिद्धेशनं दार उघडलं.

“बाहेर गेला होतात?”

“नाही.”

“मग बूट एकटेच फिरून आले?”

सिद्धेशनं एकदा जिन्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. “मी गेलो नाही... एवढंच सांगू शकतो.”

“एवढंच?” तनुजाचा आवाज चिरकला. ते हसरे डोळे खोटे होते तर! बाहेर पडणाऱ्याला विलगीकरण केंद्रात न्यायचं, वर पोलीस केस... नियम तिला पाठ होता. केस झाली की याची नोकरीही जाणार. तरी तिनं फोन काढला.

“ताई, नको!”

जिन्यात वॉचमन नवनाथची मुलगी पिंकी उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल.

“काका नाय गेले. मीच घालते ते बूट. बागेत पाणी सोडलं की लई भारी वाजतेत. काका काल ग्यालरीतून ओरडले बी – काढ, हात धू... आज परत एकदाच घातले.”

तनुजानं फोन खाली घेतला. “हे सांगितलं का नाही?”

“दादासाहेबांनी नवनाथच्या घरच्यांना खालची वॉचमनची खोली सोडायला लावली असती,” सिद्धेश हळूच म्हणाला. “अशा दिवसांत कुठे गेले असते?”

“आणि पोरीला लागण झाली असती तर? असलं लपवतात का?”

“चुकलंच माझं...”

ती फार रागावली होती. पण पिंकीचे हातपाय साबणानं घासताना मास्कच्या आत हसतही होती. पिंकीला वॉचमनच्या खोलीतच ठेवायचं ठरलं. तिचाही ताप रोज बघायचा. दादासाहेब बराच वेळ गुरगुरले. संध्याकाळी मात्र पिंकीसाठी दूध त्यांच्याच घरून गेलं.

कुणी आजारी पडलं नाही. शिक्क्यावरची तारीख उलटली, पिंकीचीही सुटका झाली. त्या दिवशी तनुजा शेवटची आली. सवयीनं चपला जिन्याशी काढल्या, रेघ ओलांडली आणि उंबऱ्यातच थांबली.

“आता ताप बघायला कोणी येणार नाही,” ती म्हणाली.

“मला चालणार नाही ते,” सिद्धेश म्हणाला. “तनुजा... तुम्ही मला आवडता. चहा घेऊन जा ना. निदान आज तरी.”

“विचार करून... नंतर कधीतरी सांगते. निघते मी,” ती म्हणाली आणि लाजून मागे वळली.

पिंकी जिन्यावर बसून हे सगळं ऐकत होती. तिनं एकदा ताईकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग ताईच्या चपलांत पाय सरकवले आणि टपटप, टपटप करत तीन मजले खाली पळाली.