बटणातली खाकर

जावई फार गुणाचा नसला तरी चालेल, पण सासूसमोर तोंड तरी झाकावं की नाही? हमादीनने फेटा हनुवटीखाली ओढला, गाल फुगवले आणि गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या त्या जुन्या पेटीत फुंकर मारली. थुंकी उडाली. मी डोळ्यांनी पाहिली.

तिथूनच सगळं सुरू झालं. यातला शब्दनशब्द खरा आहे. शाळा मी पाहिली नाही, पण नाक-डोळे माझे शाबूत आहेत.

जागा वाळवंटातल्या तामनरासत गावाच्या बाहेर, कोरड्या नदीकाठी. माझा तंबू. हो, माझाच. आमच्यात तंबू बाईचा असतो, पुरुष तिथे पाहुणा.

दिवस कलला होता. दुसऱ्या दिवशी नातवाचं बारसं.

बारशापर्यंत बाळाला नाव नसतं. म्हणजे उघड्यावरचं दूध, कुणीही तोंड घालावं. म्हणून त्याच्या उशाशी लोखंडी सुरी ठेवतात. ओसाड रानातली ‘ती माणसं’ लोखंडाला भितात.

आणि उघड्या तोंडातून ती आत शिरतात. पुरुषांनी तोंड झाकायचं ते काय नुसतं लाजेसाठी?

ती पेटी माझ्या नवऱ्याची. त्याचं नाव मी घेणार नाही. गेलेल्याला हाक मारली की तो मागे वळतो. गिटार झकास वाजवायचा, खोटं कशाला बोलू? पण गालात सतत तंबाखू. आधी घसा खाकरायचा... खर्रर्र... मग पचकन थुंकायचा. एकदा तर माझ्या चहाच्या पेल्यात! तो गेला, मी तंबू हलवला, त्याच्या वस्तू वाटून टाकल्या. ही एक पेटी जावयाने लपवून ठेवली होती, पोराच्या बारशाला वाजवायला.

हमादीनशी मी थेट बोलत नाही. सासू-जावई तसे बोलत नाहीत. मी लेकीला म्हटलं, “फेन्ना, तुझ्या नवऱ्याला सांग, ही घाण माझ्या दारातून उचल.”

तो मान खाली घालून म्हणाला, “फेन्ना, आईंना सांग, पेटी ठणठणीत आहे. बटणांत वाळू गेलीय, म्हणून खरखरतात. साफ केली की उद्या आईच नाचतील.”

“आधी तुझ्या आईला नाचव म्हणावं!”

फेन्ना आत बाळाला पाजत हसली. “तुम्ही दोघं भांडा. माझा घसा कशाला सुकवता?”

त्याने पेटीला बॅटरीच्या तारा लावल्या. आवाजाचं बटण फिरवलं.

खर्रर्र.

बटण काही निघेना. तो आत जाऊन पोराला बघून आला, बाहीत काहीतरी लपवून. मला वाटलं, पेचकस असेल. त्याने बटण उचकटलं, खालच्या फटीत सफाईचा फवारा मारला आणि बटणाचा उघडा दांडा इकडून तिकडे फिरवत राहिला. असं केलं की वाळू सुटते आणि खरखर जाते म्हणे.

गेली नाही...

ओली झाली.

खर्र... खर्र... खाक्.

अख्खा संसार मी त्या आवाजाशेजारी झोपले आहे.

दांड्याखालून काहीतरी ओघळलं. तपकिरी, चिकट. लाळेसारखी तार धरून.

“जुनं तेल असेल,” असं पुटपुटत हमादीनने बोट लावलं. हुंगलं. त्याचा चेहरा उतरला.

तंबाखू. खारी माती मिसळलेली, माझा नवरा खायचा तशी. ताजी.

हा पोरगा तंबाखूला शिवत नाही, त्याचा तेवढा एकच गुण. त्याने घाबरून तारा उपटल्या. पेटी गप्प झाली.

सगळंच गप्प झालं. शेळ्या गप्प. आत बाळाचं चुटुचुटु पिणं... तेही गप्प.

मग पुन्हा आला तो आवाज.

खर्रर्र...

पेटीतून नाही.

तंबूतून.

तेव्हा मी त्याच्या हातात नीट पाहिलं. माझ्या नातवाच्या उशाची सुरी! टोकाला तपकिरी रस.

मी ती हिसकावली आणि आत धावले. फेन्नाला डुलकी लागली होती. बाळ टक्क जागं. रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होतं. आणि त्याचा एक गाल फुगलेला.

ते चघळत होतं.

दात नाहीत, नाव नाही, आणि ते पोर चघळत होतं!

मी त्याच्या तोंडात बोट घातलं. चोथा निघाला. काळा, कोमट, धागे सुटलेला. मी तिथेच ओकले. तशाच हाताने सुरी उशाशी ठेवली.

बाळाने टाहो फोडला. त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नाव ठेवलं. गिटार नाही, बायांनी ढोल वाजवला. पेटी हमादीनने दूर वाळूत पुरली. पोर आता रांगतं, हसतं, चांगलं आहे. तरी रोज सकाळी मी त्याचं तोंड हुंगते. दुधाचा वास येतो. मग मी चहा ठेवते.

मला वाटलं, संपलं.

परवा हमादीन दारात आला. फेटा हनुवटीखाली. आधी घसा खाकरला...

“फेन्ना, आईंना सांग, ती पेटी उकरून आणतो. आता सुधारली असेल.”

वारा माझ्याकडे येत होता. मी हुंगलं. मी नातवाला उचललं, सुरी हातात घेतली आणि जन्मात पहिल्यांदा जावयाशी थेट बोलले.

“तोंड झाक, हमादीन, आणि माझ्या तंबूतून चालता हो. तू तंबाखू खात नाहीस. हा वास ज्याचा आहे, त्याला मी एकदा पुरलंय.”