आभार न मानणारा

साल्तो शहराच्या नदीकाठी संत्र्यांच्या मोहराचा वास सुटला की रोमिना आणि तिची नेलिदामावशी रोज संध्याकाळी ठरलेल्या बाकावर येऊन बसायच्या. मध्ये गरम पाण्याचा थर्मास, हातात माते नावाच्या कडवट पाल्याच्या चहाची वाटी. शेजारच्या बाकावर हल्ली रोज दिसणारा एक तरुण त्या दिवशीही गळाचा गुंता सोडवत बसला होता. रोमिनाने त्याच्याकडे दोनदा पाहिलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच वेळ... आणि पकडली गेली.

एवढ्यात कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला एक माणूस हात पसरून पुढे आला. "आत्या, ओळखलं नाहीस मला?"

"अगं बाई, पायसांदू गावच्या आमच्या गुस्तावोचा का रे तू?"

मावशी म्हणजे भोळा सांब. नाव तिनेच पुरवलं, त्याने नुसती मान हलवली. मग त्याने गाडी बिघडल्याची कहाणी सांगितली, आत्याच्या आठवणीने डोळे पुसले. सामान गॅरेजात पडलंय, घराची किल्ली दिलीस तर तेवढं ठेवून येतो, तुम्ही बसा निवांत, असं म्हणाला. मावशीचा हात पिशवीत गेलासुद्धा.

गुस्तावोमामाचा पोरगा रोमिनाने लहानपणीच काय तो पाहिलेला. तिने पाहुण्याला वाटी भरून दिली. नळीने ती संपवून "आभारी आहे" म्हणत त्याने परत केली, आणि लगेच पुढच्या वाटीसाठी हात पुढे केला.

त्या नदीकाठी माते पिताना आभार मानले की त्याचा अर्थ एकच: आता पुरे. त्याच काठच्या पायसांदूच्या पोराला हे बाळकडूबरोबरच मिळतं. शेजारचा तरुणही गळ विसरून, भुवई उंचावून रोमिनाकडे पाहत होता.

रोमिनाने गोड आवाजात विचारलं, "एर्मेलिंदाकाकूंचा गुडघा कसा आहे रे आता?"

"बराच बरा. हिंडतात-फिरतात."

"छान. अशी कुणी काकू आमच्या नात्यात नाहीच."

मावशीचा हात पिशवीतून रिकामाच बाहेर आला. भाचेबुवांनी पोबारा केला.

"मलाही एक वाटी मिळेल?" शेजारून आवाज आला. "मी कुणाचाच भाचा नाही."

"मग तर जास्तच संशय येतो." रोमिना आता ताकही फुंकून पिणार होती.

"तादेओ. धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. कुणालाही विचारा."

"विचारणारच आहे. आणि इथे रोज काय दुरुस्त करता?"

तो कानापर्यंत लाल झाला. "काही नाही... माझ्या गळाला आमिषच नसतं. तुम्ही येता म्हणून बसतो — फसवणूक म्हणाल तर एवढीच."

रोमिनाला तो आवडला होता. हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं आणि वाटी भरली. मग वाटीमागून वाटी गेली, सूर्य पलीकडच्या काठावर उतरला, पण तादेओने एकदाही आभार मानले नाहीत. शेवटी थर्मास रिकामा झाला.

"जा बाबा, घरून पाणी भरून आण," म्हणत मावशीने त्याच्यापुढे किल्ली धरली. ती सुधारणाऱ्यातली नव्हतीच.

रोमिनाने किल्ली वरच्या वर पकडली. "किल्ली माझ्याकडे राहील. थर्मास तुम्ही धरा. धक्क्यावरून जाऊ, तुमचं खरंखोटं तिथेच कळेल."

"आणि खरं निघालं तर?"

"तर..." ती चालू लागली होती, मागे वळून हसली. "उद्याही आभार मानू नका."